बोलणं तुटलं की जड

हॉस्पिटलातून घरी सोडताना डॉक्टर म्हणाले, "जड काही उचलायचं नाही." आणि आमच्या घराने ठरवून टाकलं, की जड म्हणजे माझी मुलगी.

हंडा जड नाही. भिजलेली गोधडी जड नाही. रॉकेलचा डबा जड नाही, पाट्यावरचा वरवंटा तर नाहीच नाही. ते सगळं घरचं, आणि घरचं काम हे काम नसतंच. पण जन्मून काही महिने झालेली, नुकती कुठे बाळसं धरू लागलेली माझी पोर मात्र जड. आता माझी साठी उलटून गेली. तेव्हा माझ्याकडे बघून ज्यांनी ज्यांनी हळहळ केली त्यातली निम्मीअधिक माणसं वर गेली, मी अजून इथेच आहे. तरी कुणी त्या चालीत तो शब्द काढला की माझं डोकं फिरतं.

ऐंशीच्या दशकाची मधली वर्षं होती. घाटकोपरला टेकडीवर आमची खोली. खाली रस्त्याला सार्वजनिक नळ, वर खोली, आणि मधे चढ. कुठे पायऱ्या, कुठे नुसतेच दगड बसवलेले. घरात नवरा, सासू, सासरे आणि मी. नवरा विक्रोळीच्या एका कारखान्यात होता. सासऱ्यांना सगळे आबा म्हणायचे. त्यांचा जन्म गिरणीत साचे चालवण्यात गेला होता. कापड विणणाऱ्या त्या साच्यांचा खडखडाट असा, की म्हातारपण यायच्या आधी कान जायचे. आबांचेही गेले. मग संपानंतर गिरणीही गेली.

पण कान गेले म्हणून आबांचं काही अडायचं नाही. साचेखात्यात कुणालाच कुणाचं ऐकू यायचं नाही, म्हणून तिथली माणसं एकमेकांचे ओठ बघून बोलायची. या टोकाचा त्या टोकाच्याला नुसते ओठ हलवून विचारायचा, डब्यात काय आणलंस? आबांची ती विद्या शाबूत होती. दारातल्या कट्ट्यावर बसून टेकडीवरून जाणाऱ्या-येणाऱ्या बायकांच्या गप्पा ते डोळ्यांनी ऐकायचे. बाकीच्यांना ऐकू गेलं नाही तेसुद्धा आबांना कळायचं. त्यामुळे आमच्या घरात पुटपुटायची सोय नव्हती.

माझी आई लग्नाआधीच गेलेली, म्हणून बाळंतपण सासरीच झालं. सासूबाईंनी ते निगुतीने केलं, हे मान्य करायलाच हवं. शेक, धुरी, लाडू, कशात कसर ठेवली नाही. पण मी काही उठेना. आडवी झाले की खोकल्याची उबळ यायची, भिंतीला टेकून बसले तरच डोळा लागायचा. पावलं टम्म सुजलेली. बाळंतवात आहे, जाईल, असं सगळे म्हणाले. मग एकदा नळावरून वर येताना मधेच बसले ती उठताच येईना. शेजारच्या बायकांनी मला रिक्षात घातलं आणि हॉस्पिटलात नेलं.

तिथे छातीचा फोटो काढला, मोठ्या डॉक्टरांनी तो उजेडासमोर धरला आणि नवऱ्याला सांगितलं, "हृदयाचा स्नायू अशक्त झालाय. बाळंतपणाच्या सुमारास कुणाकुणाला होतं असं. त्यामुळे हृदय फुगून मोठं झालंय." टेकडीवर बातमी पोचली ती अशी, की हिचं काळीज मोठं झालं. एक बाई म्हणाली म्हणे, चांगलंच झालं की मग, आधी जरा कोतंच होतं. हे मला कळलं तेव्हा मी हॉस्पिटलच्या खाटेवर हसले, आणि हसता हसता धाप लागली.

घरी सोडायच्या दिवशी आमच्या वॉर्डच्या सिस्टरने मला समोर बसवलं. ही सिस्टर गोराईची, खाडीपलीकडची. सुट्टीला होडीने घरी जायची. बुटकी, गोल, आणि तोंडाची अशी फटकळ की डॉक्टरही तिच्याशी जपून बोलायचे. सासूबाई आणि नवरा मागे उभे होते.

"हे बघ," ती म्हणाली, "हृदय थकलंय. मेलेलं नाही. थकलेल्या माणसाला कसं वागवतो आपण? तसंच. मीठ बंद, कारण मीठ खाल्लं की अंगात पाणी साठतं आणि ते पाणी त्या थकलेल्यालाच उपसायला लागतं. पाणीसुद्धा मोजून. दिवसाचं सकाळीच एका भांड्यात काढून ठेव. चहा प्यायलीस की तेवढं त्यातून ओतून टाक. भांडं रिकामं झालं की संपलं, मग नुसती चूळ भर. लघवीची गोळी सकाळीच घे."

"सकाळी संडासला रांग असते," मी म्हटलं.

"मग रांगेत पुढे घुस. गोळी काय रांग बघते?"

मग तिने रोज वजन करायला सांगितलं. नवरा म्हणाला, घरी काटा नाही. सिस्टर माझ्या पायांकडे बघत बसली. म्हणाली, "जोडवी आहेत ना? रोज सकाळी उठल्या उठल्या जोडवं बोटाभोवती फिरवून बघ. गोल फिरलं की बरं आहे. रुतायला लागलं, फिरेना, की सूज आली. मग इकडे यायचं, वाट बघायची नाही. एका उशीवर झोप लागते आहे तोवर ठीक, दुसरी मागावी लागली तरी यायचं. आणि जोडवी काढून डब्यात ठेवशील तर याद राख."

सासूबाईंचा चेहरा एकदम उजळला. जोडव्यांचं औषध त्यांना पटलं. सौभाग्याचं लेणं आणि वर डॉक्टरी, आणखी काय हवं.

तेवढ्यात डॉक्टर आले आणि जाता जाता ते वाक्य टाकून गेले, जड काही उचलायचं नाही. सासूबाईंनी त्यांना गाठलंच. "आणि पोराक?" डॉक्टर थांबले, म्हणाले, "सध्या नकोच," आणि पुढच्या खाटेकडे वळले. सिस्टरला कुणीतरी हाक मारली. माझं तोंड उघडेपर्यंत माझ्या आयुष्याचा निकाल लागला होता.

अंगावरचं दूध आधीच बंद करायला लावलं होतं, त्यामुळे अडायला काही कारणच उरलं नाही. आठवड्याच्या आत सासूबाई पोरीला घेऊन गावी निघाल्या, मालवणकडे. मी म्हटलं, आई, मी तिला उचलणार नाही, नुसती मांडीवर घेईन, तुम्ही ठेवा, तुम्ही उचला, पण इथे राहू द्या. सासूबाई पिशवीत लंगोट भरत होत्या. माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "तिका तुझी सवय लागली आणि तुझा काय बरावायट झाला, मगे मी काय करू?"

हे त्या रागाने म्हणाल्या नाहीत. रागाने म्हणाल्या असत्या तर मी भांडले असते. हिशेबाने म्हणाल्या. आई नसलेलं मूल वाढवायचंच आहे, तर लवकर सुरुवात केलेली बरी, इतका सरळ हिशेब. म्हणजे मी समोर पाय पसरून बसलेली, श्वास घेणारी, आणि माझ्या घराने मला गेलेली धरून पुढची तयारी चालवलेली. त्या क्षणी मला रडू आलं नाही. इतका संताप आला, की मनात म्हटलं, आता मरूनच दाखवणार नाही.

जाण्याआधी सासूबाईंनी माझ्यासाठी एक गोष्ट प्रेमाने केली. तवाभर मीठ खरपूस भाजलं, चहाच्या रिकाम्या डब्यात भरलं आणि माझ्या हाताशी ठेवलं. "कच्चा मीठ वायट. भाजलेला बाधणा नाय." हे साऱ्या टेकडीला माहीत होतं. ज्या ज्या घरात कुणाला मीठ बंद होतं, त्या त्या घरात भाजल्या मिठाचा डबा होता. मलाही ते खरंच वाटलं. मी ते मीठ आमटीत घालत होते आणि पथ्य पाळतेय म्हणून स्वतःवर खूश होते.

सासूबाई गेल्या, घर माझ्यावर पडलं. नवऱ्याला पहाटेची पाळी, आबा म्हातारे. स्वयंपाक, धुणं, आणि खालच्या नळावरून पाणी. कुणी सक्ती केली नाही. कुणी "तू बस" असंही म्हटलं नाही. हंडा रिकामा दिसला की मी उचलायचे, आणि नवरा कामावरून आला की हात धुवायचा तेव्हा पाणी असायचं, ते कुठून आलं हा प्रश्न त्याला पडायचा नाही. तो वाईट माणूस नव्हता. त्याच्या डोळ्यांना हंडा दिसतच नव्हता.

मग एका सकाळी जोडवं फिरलं नाही. बोटाच्या मांसात रुतून बसलं होतं. मी नवऱ्याला म्हटलं, कामावर दांडी मारा, मला सिस्टरकडे न्या.

सिस्टरने माझी नडगी अंगठ्याने दाबली. कणकेत बोट रुतावं तसा खड्डा पडला आणि तसाच राहिला. "काय खातेस?" मी सांगितलं. "मीठ?" मी अभिमानाने सांगितलं, भाजलेलं.

तिने कपाळावर हात मारला. "अगं बाई, मीठ भाजलं काय, तळलं काय, देवापुढे ठेवलं काय, मीठच ना ते! पापड नाही, लोणचं नाही, सुकं नाही. सुकी मासळी धुऊन घेतली तरी नाही. मी गोराईची, मला सांगू नकोस, तिच्यात किती मीठ मुरवतात ते मी डोळ्यांनी बघते." मग तिची नजर नवऱ्याकडे वळली. "पाणी कोण भरतं घरात?"

"हीच. नळ जवळच आहे. टेकडीच्या खाली."

"टेकडीच्या खाली. आणि घर?"

"वर."

"आणि मूल कुठे आहे?"

"गावी पाठवलं. डॉक्टर म्हणाले होते ना, जड उचलायचं नाही."

मला वाटलं, आता सिस्टर ओरडणार. तिने शांतपणे खुर्ची ओढली आणि नवऱ्याला बसवलं, मला नाही, त्याला. आणि विचारलं, "काय हो, भरला हंडा जड की पोरगी जड?"

नवरा खरंच विचार करत होता बिचारा. माणसाने जन्मात पहिल्यांदाच हंडा तोलून बघावा, तसा चेहरा झाला होता. शेवटी खाली मान घालून म्हणाला, "हंडा."

"मग हंडा गावी पाठवायचा."

त्या दिवशी मी सिस्टरला विचारलं, जे मला घरी सोडलं तेव्हाच विचारायचं होतं. मला मोजमाप हवं होतं. लोक म्हणतील ते जड, असं मी आयुष्यभर चालवून घेणार नव्हते. मी म्हटलं, "सिस्टर, जड म्हणजे काय ते मला सांगा. कुणाला विचारावं लागू नये असं सांगा."

ती म्हणाली, "बोलता येतंय तोवर हलकं. काम करताना तोंडाने बोलत राहायचं. वाक्य सरळ पुरं होतंय ना, मग कर. मधेच श्वासासाठी बोलणं तुटलं, की जड. मग ते काहीही असो. चमचा असला तरी जड. तिथल्या तिथे थांबायचं, बसायचं, परत बोलता येईपर्यंत. लाजायचं नाही. आणि कुणी म्हणालं, एवढं झालंच आहे तर पुरं करून टाक, तर ऐकायचं नाही."

"आणि मुलगी?"

"आत्ता नाही. आधी सूज उतरू दे, फोटो सुधारू दे. मग तिलाही हाच नियम." मग ती आम्हा दोघांकडे बघून म्हणाली, "आणि दुसरं मूल नाही. मुलगा नाही, मुलगी नाही, नवस नाही. या हृदयाला परत बाळंतपण झेपायचं नाही. कसं थांबवायचं ते डॉक्टरांना विचारा, लाजू नका. तिचा जीव त्यात आहे."

परत येताना टेकडीच्या पायथ्याशी नवरा म्हणाला, "दुसऱ्या मुलाचं आईला सांगू नकोस इतक्यात." मी म्हटलं, "मी सांगणार. आणि ती एकुलती एक पोर मला इथे हवी." हे वाक्य मी एका दमात बोलले. म्हणजे हलकं होतं.

दुसऱ्या दिवसापासून नवरा पाण्याला गेला. नळावर सगळ्या बायका, मधे हा. पहिले काही दिवस त्याची इतकी चेष्टा झाली, की तो हंडा डोक्यावर घेण्याऐवजी प्लॅस्टिकचा कॅन नेऊ लागला, तेवढीच इभ्रत. मी त्याची कीव केली नाही.

आणि मी बोलायला लागले. आमच्याकडे सून म्हणजे मूग गिळून बसणारी. विचारलं तर बोलणारी, तेही खालच्या पट्टीत. आता मला डॉक्टरी हुकूम होता. भाकऱ्या थापताना बोलायचे, केर काढताना बोलायचे. सुरुवातीला काय बोलायचं हेच सुचेना, म्हणून शाळेतले पाढे म्हटले. मग भाजीची कृती मोठ्याने सांगू लागले. मग माझ्या मनात जे वर्षानुवर्षं साचलं होतं ते आपोआप बाहेर यायला लागलं. कुठल्या नणंदेने लग्नात माझ्या रंगावरून काय टोमणा मारला, मुलगी झाली म्हटल्यावर कुणाचं तोंड कसं झालं, सगळं, नावानिशी, कांदा चिरता चिरता. माझा जीवही हलका होत होता आणि सिस्टरचा नियमही पाळला जात होता.

शेजारीण दारातून डोकावून म्हणाली, "काय गं, कुणाशी बोलतेस?"

"कुणाशी नाही. औषध आहे."

"झकास औषध आहे की गं! आमच्या ह्यांना सांग ना, मलापण लागू आहे म्हणून."

आबा कट्ट्यावरून माझ्याकडे तोंड करून बसायला लागले. आधी मला वाटलं, म्हाताऱ्याला करमणूक झाली. नणंदेचं सगळं त्यांनी ओठांवरून वाचलं असणार, म्हणून मी जरा ओशाळलेही. पण एकदा बादली सरकवत मी काही बोलत होते, आणि आबांनी काठी जमिनीवर आपटली. "बस गो. पट्टो सुटलो."

मला कळेना. मग त्यांनी आपल्या ओठांवर बोट फिरवून दाखवलं. गिरणीत पट्ट्यावर साचा चालायचा. पट्टा सुटला की साचा उभा. माझे ओठ बोलता बोलता अडखळले होते, मला स्वतःला ते जाणवायच्या आधी त्यांना दिसलं होतं. मी बसले. तेव्हापासून तो आमचा शब्द झाला. लोक सुनेच्या तोंडाच्या पट्ट्याला नावं ठेवतात, आमचे आबा तो सुटू नये म्हणून राखण करत बसायचे. इतकं त्यांनी कधी माझ्या हातच्या जेवणाचंही कौतुक केलं नव्हतं. मला त्यांची माया फार वाटली, आणि ती मी त्यांना ओठांनी सांगितली, आवाज न करता. ते मान वळवून दुसरीकडे बघायला लागले.

भाजल्या मिठाचा डबा मी शेजारणीला देऊन टाकला. अळणी जेवण पहिल्यांदा घशाखाली उतरत नव्हतं, मग लिंबू, आलं, लसूण, कोकमावर निभावलं. हळूहळू जोडवं फिरायला लागलं. फिरता फिरता इतकं सैल झालं, की दोरा गुंडाळावा लागला. एका उशीवर झोप लागायला लागली. पुढच्या फोटोत हृदय आकसून बरंचसं जागेवर आलं होतं. डॉक्टर म्हणाले, सगळ्यांचं असं येत नाही. मी विचारलं, मुलगी उचलू? ते म्हणाले, "जपून." सिस्टर मागून म्हणाली, "बोलत बोलत."

मी गावी निरोप पाठवला, पोरीला आणा. गावाहून येणाऱ्या-जाणाऱ्याबरोबर उत्तर यायचं, बघू, पाऊस संपू दे. मग थंडी संपू दे. मग शिमगा होऊ दे. पोर तिकडे रांगली, उभी राहिली, पावलं टाकायला लागली, हे मला निरोपातून कळायचं. माझ्या मुलीला चालता येतं हे मला एका मासळीवाल्या नातेवाइकाने सांगितलं. त्या दिवशी मी भांडी घासताना जे बोलले ते आबांनीसुद्धा वाचायला नको होतं.

शिमग्यानंतर भांडुपला नात्यात लग्न निघालं आणि सासूबाई आल्या. लग्न आटोपलं की पोरीला घेऊन परत जायचं, हे त्या गावाहून ठरवूनच निघाल्या होत्या. सकाळी एसटीने उतरून रिक्षाने टेकडीच्या पायथ्याशी आल्या. मी खाली जाऊन उभी होते. नवऱ्याने सामान घेतलं. सासूबाईंच्या कडेवर माझी मुलगी.

मी हात पुढे केले. तिने माझ्याकडे बघितलं, आणि तोंड फिरवून सासूबाईंच्या खांद्यात घातलं. सवय लागू द्यायची नव्हती ना, नव्हतीच लागली. हे होणार हे मला माहीत होतं, तरी ते माझ्या छातीत लागलं. तिथे, जिथला स्नायू अशक्त होता तिथेच.

"बघलंस?" सासूबाई म्हणाल्या. "ती येवची नाय तुझ्याकडे. आणि ह्यो चढ तुका झेपाचो नाय. आता उगीच हट नको."

मी म्हटलं, "आई, द्या ती. वर मी नेणार."

नळावरच्या बायका थांबल्या. नवरा म्हणाला, "अगं, घरी गेल्यावर घे ना." मी ऐकलं नाही. मी तिला सासूबाईंच्या कडेवरून उचलून घेतली. ती किंचाळली, हातपाय झाडले. मी चालायला लागले, आणि बोलायला लागले.

"हा बघ नळ. इथे तुझा बाप पाणी भरतो. हो, तुझा बाप. ही पिठाची गिरणी, हिच्यातून पीठ आणलं की अर्धं दुसऱ्याचंच येतं. हे पिंपळाचं झाड, याच्याखाली बसून तुझ्या आज्याचे दोस्त पत्ते खेळतात. आणि मी तुझी आई. रड. रडलीस तरी मी आईच." ती रडत होती आणि मी तिच्या रडण्याच्या वरताण बोलत होते. टेकडीवरची दारं उघडली. वर, अगदी वर, आमच्या कट्ट्यावर आबा उभे राहिलेले दिसत होते, काठीवर दोन्ही हात ठेवून, माझ्या तोंडाकडे टक लावून.

पायऱ्या संपून दगड सुरू झाले तिथे आबांनी काठी उचलली. मी लगेच बसले, कुणाच्या तरी उंबऱ्यावर, पोर मांडीवर घट्ट धरून.

मागून सासूबाई पोचल्या. "दमली ती."

श्वास जुळला तेव्हा मी म्हटलं, "दमले. म्हणून बसले. आता उठणार. त्यात काय एवढं?" आणि उठले. परत बोलत निघाले. आणखी वर गेल्यावर परत काठी उठली, मी परत बसले. लोक बघत होते. बघू देत. वर्षभर सगळ्यांनी मला गेलेली धरली होती, आता त्यांना मी जिवंत कशी दिसते ते नीट बघू दे, असं मला वाटत होतं.

या वेळी मी गप्प झाले तशी पोरही गप्प झाली. तिने प्रथमच माझ्या तोंडाकडे नीट बघितलं. इतका वेळ चाललेला आवाज कुठे गेला, म्हणून असेल. तिने हात पुढे केला आणि माझ्या ओठांवर बोटं ठेवली. ओली, चिकट बोटं. मला बोलायचं होतं, खूप काही बोलायचं होतं, पण श्वास जुळत नव्हता.

सासूबाईंनी दोन्ही हात पुढे केले. आवाज मऊ होता त्यांचा. "दी गो ती माझ्याकडे. पुरे झाला आता."

माझ्या तोंडून शब्द फुटेना. मी पोरीला छातीशी धरलं, मान वर केली आणि नुसते ओठ हलवले. आवाज अजिबात निघाला नाही. शेजारी उभ्या असलेल्या सासूबाईंना ऐकू गेलं नाही, नवऱ्याला गेलं नाही.

वरून आबा ओरडले. बहिऱ्या माणसाचा आवाज, त्याला स्वतःचा अंदाज नसतो, अख्ख्या टेकडीने ऐकला.

"देवची नाय म्हणता ती!"

सासूबाईंनी वर बघितलं. मग माझ्याकडे बघितलं, आणि पुढे केलेले हात पदराला पुसत त्या माझ्या शेजारी उंबऱ्यावर बसल्या. माझा श्वास जुळेपर्यंत आम्ही तिघी तिथेच बसून राहिलो.